शिखरांची क्रमवारी: उंचीने लावायची की उठावाने?

वाटाड्या
गेले काही आठवडे फावल्या वेळात एक उद्योग चाललाय: जगातल्या शिखरांचा एक तक्ता. सुरुवातीला वाटलं, यात काय अवघड आहे? उंची लिहायची, उतरत्या क्रमाने लावायचं, झालं. लावलं आणि पहिली पन्नास नावं पाहून हिरमुसलो. सगळी एकाच मुलखातली. साहजिकच आहे म्हणा, ७००० मीटरच्या वरचं एकही शिखर आशियाबाहेर नाही. आफ्रिका, दोन्ही अमेरिका, अंटार्क्टिका कुठेच नाहीत. दक्षिण अमेरिकेतलं सर्वोच्च आकोन्काग्वा (६९६१ मी.) यायच्या आधी हिमालय, काराकोरम, पामीर, तिएन शान या मंडळींचीच रांग संपता संपत नाही.

दुसरी अडचण जास्त टोचली. चौथ्या क्रमांकावर ल्होत्से, ८५१६ मीटर. पण एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्यामधली साउथ कोल ही खिंडच मुळी ७९०६ मीटरवर आहे. म्हणजे एव्हरेस्टकडून निघालात तर साउथ कोलपर्यंत उतरून फक्त ६१० मीटर चढलं की ल्होत्सेचा माथा. उरलेले ७९०६ मीटर दोघांचे सामायिक. मग ल्होत्सेला 'जगातलं चौथं शिखर' म्हणायचं की एव्हरेस्टचा थोरला खांदा?

म्हणून दुसरा तक्ता केला, प्रॉमिनन्सचा. मी त्याला 'उठाव' म्हणतोय. एखाद्या शिखरावरून त्याहून उंच जमिनीवर जायचं असेल तर कमीत कमी किती उतरावं लागतं, तो आकडा. या तक्त्यात सगळी उलथापालथ झाली. पहिला एव्हरेस्ट, दुसरा आकोन्काग्वा, तिसरा डेनाली (६१४० च्या आसपास), चौथा किलीमांजारो (५८८५). उंचीत दुसरा असलेला के-टू इथे ४०२० मीटर उठाव घेऊन थेट २२ व्या क्रमांकावर! कांचनजंगा ३९२२ वर, म्हणजे त्याच्याही खाली. ल्होत्से तर यादीत शोधावाच लागतो.

प्रश्न दोन. एक, 'स्वतंत्र शिखर' म्हणायला किमान किती उठाव धरावा? दोन, 'उठाव' हा शब्द पटतो का?

रिकामटेकडी
आयडीमुळे या धाग्यावर येणं भागच होतं. :)
पण मला एक कळलं नाही. एव्हरेस्टपेक्षा उंच काहीच नाही, मग त्याचा उठाव कसा मोजला? आणि आकोन्काग्वाचा उठाव त्याच्या उंचीएवढाच कसा? त्याला खिंडच नाही का?

वाटाड्या
एव्हरेस्टच्या बाबतीत चक्क संकेत आहे. व्याख्या तिथे लागूच पडत नाही, म्हणून उंची = उठाव असं मानून घेतलंय.
आकोन्काग्वाचं असं आहे. समजा समुद्राची पातळी वाढवत नेली. पाणी चढतं तशी जमिनीची बेटं होतात. एखादं शिखर ज्या क्षणी आपल्याहून उंच शिखरांपासून तुटून वेगळं बेट होतं, त्या क्षणीची पाण्याची पातळी म्हणजे त्याची निर्णायक खिंड. आता आकोन्काग्वाहून उंच काही दोन्ही अमेरिकांत नाहीच. आशियाकडे जायचं तर मध्ये बेरिंगची सामुद्रधुनी. म्हणजे आजच्याच पातळीला तो बेटाचा राजा आहे, पाणी चढवायची गरजच नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटावरचं पुंचाक जाया (४८८४) आणि अंटार्क्टिकातलं विन्सन (४८९२) यांचंही तेच.
डेनालीची गंमत मात्र पाहा. अलास्कातलं हे शिखर. त्याहून उंच आकोन्काग्वाकडे चालत निघालात तर वाटेत सगळ्यात खाली कुठे उतरावं लागतं? निकाराग्वात, तिथल्या मोठ्या सरोवर आणि पॅसिफिकमधल्या चिंचोळ्या पट्टीत. डोंगर अलास्कात, खिंड निकाराग्वात.

निवांत
आणि पनामा कालवा? तो तर दोन समुद्र जोडतो.

वाटाड्या
माणसाने खणलेलं धरत नाहीत. नाहीतर सुएझमुळे किलीमांजारोला उरलेले दहा-बारा मीटर फुकट मिळाले असते. त्याची खिंड तिथेच, सुएझच्या भागात आहे.

पायपीट
वाटाड्या, मेहनतीला दाद, पण हा आकडा मला कधी पटला नाही. डोंगर डोळ्यांना दिसतो त्याच्याशी या आकड्याचा संबंध काय? किलीमांजारो ५८८५ म्हणता. पायथ्याच्या मैदानातून तो साधारण ४९०० मीटर वर येतो. मधले हजारभर मीटर कुठून आणले? सुएझहून! डेनालीचे निकाराग्वाहून! याउलट नांगा पर्बतची रुपाल बाजू पाहा, सलग ४६०० मीटरची भिंत. असल्या भिंतीखाली उभं राहिलं की मान दुखते. त्याचा उठावही ४६०८ च आहे, पण तो योगायोग. तुमच्या तक्त्यात नांगा पर्बत चौदावा, आणि त्याच्या वर जे आहेत त्यातले निम्मे तरी केवळ 'जवळपास उंच शेजारी नाही' म्हणून वर आलेत. वाळवंटात एरंडही मोठा दिसतो म्हणतात त्यातला प्रकार.

वाटाड्या
पायपीट, मान्य. उठाव म्हणजे देखणेपणा नव्हे आणि चढायला किती कठीण तेही नव्हे. तो फक्त 'हा डोंगर दुसऱ्याचा भाग आहे की स्वतःचा मालक' एवढंच सांगतो. पण वेगवेगळ्या प्रदेशांतली शिखरं एका यादीत मांडायची तर मला दुसरी काठी दिसत नाही. पायथा कुठे सुरू होतो हे ठरवायला दोन माणसं बसवा, तीन उत्तरं येतील. खिंड मात्र एकच असते.
आणि एरंडाचं म्हणाल, तर त्यासाठी वेगळं माप आहेच, एकाकीपणा: आपल्याहून उंच अशी सर्वात जवळची जागा किती दूर. किलीमांजारोचा साडेपाच हजार किलोमीटर. आकोन्काग्वाचा साडेसोळा हजार, पार हिंदुकुशपर्यंत.

समोच्च
"खिंड मात्र एकच असते" हे वाचून हसू आलं. एकच असते, पण ती *किती उंचीवर* असते हे कोणी नीट मोजलेलं नसतं. माझा अनुभव: या सगळ्या प्रकरणात शिखर हा सोपा भाग. शिखरावर लोक जातात, खुणेचा दगड असतो, सर्व्हेवाल्यांनी आकडा दिलेला असतो. खिंडीकडे ढुंकून कोण बघतं?

जरा तपशिलात लिहितो. समोर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा नकाशा घ्या. माथ्याला आकडा छापलाय, १२५६. दोन डोंगरांमधला सखल भाग शोधा, जिथे दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींकडे पाठ करून वळतात, मध्ये कमरेसारखा बारीक भाग राहतो. त्या कमरेच्या दोन्ही अंगांना डोंगरांकडे ११२० ची रेषा आहे, आणि दोन्ही दऱ्यांकडे ११०० ची. खुद्द खिंडीत आकडा नाही. म्हणजे खिंड ११०० च्या वर आणि ११२० च्या खाली, एवढंच कळलं. उठाव मग १३६ पासून १५६ पर्यंत काहीही. आता तुमच्या यादीची अट १५० असेल, तर हा डोंगर यादीत आहे की नाही? कडक हिशोब करणारे १३६ धरतात आणि बाहेर काढतात. उदार माणसं १५६ धरून आत घेतात. मधले ११०९-१०च्या आसपास खिंड कल्पून १४६ म्हणतात आणि तरीही बाहेरच काढतात, वर हळहळतात.

एवढ्यावर भागत नाही. खिंड बऱ्याचदा रुंद, सपाट, झाडीची असते. उपग्रहाच्या रडारला झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नाही. म्हणजे खिंड उंच दिसते. उलट माथा टोकदार असेल तर ३० मीटरच्या चौकोनाची सरासरी काढताना तो बोथट होतो, म्हणजे शिखर बुटकं दिसतं. दोन्ही चुका एकाच दिशेने: उठाव कमी भरतो. २००० सालच्या फेब्रुवारीत स्पेस शटलने ११ दिवसांत जे रडार-सर्वेक्षण केलं (एसआरटीएम), त्यात उभ्या कड्यांच्या सावलीत तर मोठमोठी भोकंच राहिली होती.

तेव्हा वाटाड्या, तुमच्या तक्त्यात प्रत्येक उठावाला एकच आकडा दिसतोय, त्याऐवजी 'पासून-पर्यंत' द्या.

खोगीरभरती
दोन डोंगरांमधल्या त्या सखल जागेला घोड्याच्या पाठीवरच्या खोगिराची उपमा देतात. तेव्हा या धाग्यात माझीच चर्चा चालू आहे असं समजून मी कृतकृत्य झालो आहे.
शब्दाबद्दल: 'उठाव' नको. 'उठावाचा नकाशा' हा शब्द आधीच चढ-उतार दाखवणाऱ्या नकाशासाठी रुळलाय. शिवाय १८५७ डोळ्यांसमोर येतं. 'स्वतंत्र उंची' कसं वाटतं? ऐकणाऱ्याला अर्थ लगेच कळतो. आणि 'की कॉल'चं (त्या निर्णायक खिंडीचं इंग्रजी नाव) कोणी 'किल्लीखिंड' करू नका, पाया पडतो.

रिकामटेकडी
'स्वतंत्र उंची' +१. समजावून सांगावं लागत नाही.

निवांत
मी 'प्रॉमिनन्स'च म्हणणार. पण ते असो. सगळ्यात उंच पर्वत हवाईतला मौना केआ नाही का? समुद्राच्या तळापासून दहा हजार मीटरच्या वर भरतो. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात लांब इक्वाडोरमधलं चिंबोराझो.

समोच्च
या विषयावर बोलणं निघालं की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात मौना केआ येतोच, यावेळी जरा उशीर झाला. दोन्ही खरं आहे. चिंबोराझो विषुववृत्ताजवळ आहे, पृथ्वी तिथे फुगीर, म्हणून ६२६३ मीटरचा असूनही केंद्रापासून एव्हरेस्टहून दोनेक किलोमीटर लांब. पण मग त्या मापाने विषुववृत्ताजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसलेला माणूससुद्धा ध्रुवावरच्या कुठल्याही डोंगरापेक्षा 'उंच'. क्रमवारीला ते माप निरुपयोगी.

अडाणी_अभियंता
'उंची कुठून मोजायची' हे निघालंच आहे तर माझी फजिती सांगतो. मीही असाच एक तक्ता केला होता, लहान डोंगरांचा. शिखरांची उंची जीपीएसच्या नोंदीतून घेतली, कारण स्वतः चढलो होतो, अभिमान होता. खिंडींची नकाशावरून. सूत्र लावलं, आणि एका टेकाडाचा प्रॉमिनन्स आला उणे १२. म्हणजे माथा खिंडीपेक्षा बारा मीटर *खाली*! दोन दिवस सूत्रात चूक शोधत बसलो.

चूक सूत्रात नव्हती. जीपीएस मुळात उंची मोजतं ती एका गणिती लंबगोलापासून. नकाशावरची उंची असते सरासरी समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिऑइडपासून. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे जिऑइड कुठे लंबगोलाच्या वर फुगतो, कुठे खाली दबतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर तो शंभराहून जास्त मीटर खाली आहे, जगातला सर्वात खोल दबलेला भाग. मी होतो तिथे साठेक मीटरचा फरक होता. काही यंत्रं तो आपोआप दुरुस्त करून दाखवतात, काही नोंदीच्या फाइलमध्ये कच्चा आकडा ठेवतात. माझ्या फाइलमध्ये कच्चा होता. उणे १२ अधिक ६०, म्हणजे खरा प्रॉमिनन्स ४८. बिचारं टेकाड.

धडा: शिखर आणि खिंड दोन्ही एकाच ठिकाणच्या आकड्यांतून घ्या. दोन्हीत सारखीच चूक असेल तर वजाबाकीत ती उडून जाते.

पायपीट
उणे बारा! :ड
हे वाचल्यावर राधानाथ सिकदारांबद्दलचा आदर दुप्पट झाला. १८५२ मध्ये शिखर क्रमांक १५ चं, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचं, गणित त्यांनी मांडलं. निरीक्षणं दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून, थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने घेतलेली. प्रकाश हवेत वाकतो, त्याचा हिशोब वेगळा. पृथ्वीची गोलाई वेगळी. १८५६ मध्ये जाहीर झालेला आकडा २९,००२ फूट. २०२० च्या डिसेंबरात नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केला तो ८८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३२ फूट. दीडशे वर्षांत फरक पडला तीस फुटांचा.
(उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, पण गोळाबेरीज वाटेल म्हणून दोन फूट वाढवले अशी आख्यायिका आहे. खरी असो नसो, सांगायला छान आहे.)

रिकामटेकडी
मग मधे ८८४४ कुठून आलं होतं? शाळेत असताना वाचल्याचं आठवतंय.

पायपीट
२००५ मध्ये चीनने ८८४४.४३ दिला, तो बर्फाखालच्या खडकाचा. नेपाळ ८८४८ वरच ठाम होता, बर्फासकट. भांडण मोजणीचं नव्हतं, माथा कशाला म्हणायचं याचं होतं. २०२० चा आकडा बर्फासकट आहे.

समोच्च
आणि बर्फ धरला की क्रमवारी हलायला लागते. आल्प्समधलं माँ ब्लाँ २००१ पासून दर दोन वर्षांनी मोजतात. २०२१ ला ४८०७.८१, २०२३ ला ४८०५.५९. माथ्यावरची बर्फाची टोपी वाऱ्या-पावसाने जाड-बारीक होते.
स्वीडनचं उदाहरण त्याहून भारी. केबनेकाइसेची दोन शिखरं. दक्षिणेकडचं हिमनदीचं, उत्तरेकडचं खडकाचं. वर्षानुवर्षं दक्षिण शिखर देशात पहिलं. बर्फ वितळत वितळत २०१९ मध्ये ते २०९५.६ वर आलं आणि उत्तर शिखर २०९६.८ वर आपल्या जागी बसल्या बसल्या पहिलं झालं. काहीही न करता बढती.

वाटाड्या
सगळ्यांचे आभार, तक्त्याची पार चिरफाड झाली. :)
आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे याल का? किमान अट किती धरू?

खोगीरभरती
जशी यादी तशी अट. आल्प्समध्ये ४००० मीटरच्या वरची ८२ शिखरं अशी अधिकृत यादी आहे, गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९४ मध्ये केलेली. तिथे ३० मीटर अट, साधारण एका दोराच्या लांबीएवढी. तरी निव्वळ आकड्यावर विसंबले नाहीत, आकार आणि गिर्यारोहणातलं महत्त्वही पाहिलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १४,००० फुटांवरच्या शिखरांसाठी ३०० फूट. ब्रिटनमध्ये 'मॅरिलिन' नावाची यादी आहे, १५० मीटर, डोंगर कितीही बुटका असला तरी चालेल. जागतिक पातळीवर १५०० मीटर उठावाच्या शिखरांना 'अल्ट्रा' म्हणतात, ती दीड हजाराच्या आसपास आहेत. तुमचा तक्ता जगाचा, तर १५०० च घ्या. दक्षिण भारतातलं अनैमुडी (२६९५) त्यात २४७९ उठावाने दिमाखात बसतं, आणि ल्होत्से बाहेर राहतो. तुम्हाला हेच हवं होतं ना?

निवांत
मॅरिलिन म्हणजे मन्रो?

खोगीरभरती
हो, शब्दाचा खेळच आहे. स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात, ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये पहिली यादी छापली म्हणून. त्यांनी उठावाची अट ठरवलीच नाही. कुठला डोंगर स्वतंत्र आणि कुठला नुसता खांदा हे आपल्या नजरेने ठरवलं, आणि त्यावरून लोक आजतागायत वाद घालतायत. सध्या २८२ आहेत. उंचीची अट मात्र पोलादी: ९१४.४ मीटर. २०१२ मध्ये एक डोंगर नव्याने मोजला तर ९१३.९६ भरला. ४४ सेंटिमीटरसाठी यादीतून नाव गेलं. ज्यांनी फक्त यादी पुरी करायची म्हणून त्यावर पायपीट केली होती त्यांचं काय झालं असेल!

पायपीट
माझ्या नावाने बोटं मोडू नका. :)

अडाणी_अभियंता
वाटाड्या, हाताने खिंडी शोधत असाल तर थांबा. समुद्र *चढवण्याऐवजी* उतरवा, संगणकाला तेच सोपं जातं. उंचीच्या नकाशातले सगळे बिंदू उंचीप्रमाणे उतरते लावायचे आणि एकेक करून 'पाण्याबाहेर' काढायचे. नवा बिंदू एकटा असेल तर नवं बेट जन्मलं, म्हणजे शिखर. एका बेटाला चिकटला तर बेट वाढलं. दोन बेटांना एकदम चिकटला तर ती खिंड! त्या क्षणी ज्या बेटाचं शिखर बुटकं त्याचा हिशोब मिटला: माथा वजा खिंड. मोठं बेट पुढे चालू. शेवटी एकच बेट उरतं, एव्हरेस्टचं.
एका अंशाच्या चौकोनात ३६०१ गुणिले ३६०१ बिंदू, म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख. एक चौकोन साध्या लॅपटॉपवर आरामात होतो. अख्ख्या जगाचं काम किर्म्स आणि द फेरांटी यांनी २०१७ मध्ये करून ठेवलंय. फेरांटी यांनी तर त्या रडारच्या नकाशातली भोकं वर्षानुवर्षं इतर नकाशांवरून बुजवली.

वाटाड्या
चालवून पाहिलं. आधी एकच चौकोन घेतला आणि प्रत्येक दुसऱ्या शिखराची खिंड बरोबर चौकोनाच्या कडेवर आली. तेव्हा लक्षात आलं की खरी खिंड शेजारच्या चौकोनात असते. के-टूची तर मुस्तांगकडे कोरा ला पाशी, नेपाळ-तिबेट सीमेवर, शेकडो किलोमीटर लांब. काराकोरमचा चौकोन घेऊन ती जन्मात सापडली नसती.

तक्ता बदललाय. अट १५००. स्तंभाचं नाव 'स्वतंत्र उंची (प्रॉमिनन्स)', दोन्ही गट खूश. शिखर आणि खिंड एकाच माहितीसाठ्यातून. समोच्च यांचं 'पासून-पर्यंत' टाकायला घेतलं आणि एका ओळीवर अडकलोय. २१ व्या जागेवर अमेरिकेतला रेनियर, ४०२६. २२ वर के-टू, ४०२०. फरक ६ मीटर. रडार-सर्वेक्षणाची उभ्या उंचीतली चूक १६ मीटरपर्यंत चालवून घेतलेली होती. मग २१ कोण?

समोच्च
रेनियरच्या माथ्यावरही बर्फच आहे हे धरून?

वाटाड्या
धरून. वर के-टूच्या खिंडीत अजून कोणी यंत्र घेऊन बसलेलं माझ्या पाहण्यात नाही.

रिकामटेकडी
दोघांना २१ द्या आणि पुढच्याला थेट २३. शाळेत निकाल लावताना तेच करायचे.

वाटाड्या
दिले.